दोन ठिपके

लुकमान तडवीची पिकअप वळणावर दिसायच्या आधी ऐकू येते.
तेवीस वर्षांची गाडी, पालच्या घाटात वाढलेली,
फळीवर केळीच्या चिकाचे काळे डाग,
चौथ्या गिअरला एक सवयीची किरकिर.
आज मात्र काहीतरी दुसरंच बोलत आली.

'गिअरबॉक्स गेला, मिस्त्री,' तो उतरता उतरता म्हणाला.
सावद्याच्या माणसानं आठ हजार सांगितले होते,
यावलच्यानं अकरा,
आणि मेव्हण्यानं, फुकटात, गाडी विकून टाक म्हणून.

मी म्हटलं, उतरू नको, चालव.
चप्पल काढून शेजारी बसलो, तळपाय पत्र्यावर.
कानाला गोड बोलून फसवता येतं. तळपायाला नाही.

पहिला टाकला: खट्.
रिव्हर्स टाकला: खट्.
फैजपूर मागे पडेपर्यंत गप्प.
पंचेचाळीसला सीटखाली कुणीतरी जातं फिरवायला बसलं,
साठला आरशातला रस्ता दुहेरी झाला.

'न्यूट्रल कर.'
इंजिन खाली उतरलं, थरथर तिथेच.
इंजिन सुटलं. क्लच सुटला.
'तिसऱ्यावर पन्नास. आता चौथ्यावर पन्नास.'
तीच थरथर, तेवढीच. गिअरबॉक्सही सुटला,
लुकमानच्या खांद्यावरून अकरा हजार उतरलेले मला दिसले.
'आता पाय काढ, वाहू दे.'
डिफरन्शियलचं दुखणं असतं तर इथे सूर बदलला असता.
बदलला नाही.
राहिला मधला दांडा,
ज्याच्याकडे कुणी बघत नाही,
कारण तो नुसता पोचवतो.

खड्ड्यात उतरलो. सुपडूनं दिवा धरला.
शाफ्ट मुठीत धरून पिळला, तर अर्धं बोट खेळ.
क्रॉस काढला: कपात ग्रीस नाही,
सुया गंजून तिखटासारखी लाल भुकटी,
तळहातावर घेतली तर रेषांत जाऊन बसली.

मग जोडाचे कान पाहिले.
दोन टोकांचे कान एका रेषेत हवेत,
एक जेवढा मागे ओढतो तेवढं दुसऱ्यानं परत द्यावं,
तरच चाकाला ओढाताण कळत नाही.
इथे एक बघतोय बऱ्हाणपूरला
आणि दुसरा सरळ सातपुड्याला.

'कोणत्या गाढवानं बसवलाय हा?'
मी ओरडलो, वर चहा पिणाऱ्याला ऐकू जाईल असं.
यावलच्या माणसाचं नाव घेतलं.
त्याच्या उस्तादाचंही घेतलं.

सुपडू डिझेलच्या फडक्यानं नळी पुसत होता.
'मिस्त्री, इथे दोन ठिपके आहेत.'

सगळे एक ठिपका मारतात, नाहीतर छिन्नीची रेघ.
दोन ठिपके मी मारतो,
नळीवर दोन, बाहीवर दोन,
उघडण्याआधी, म्हणजे जोडताना चुकायला नको.
नळीवरचे इथे होते. बाहीवरचे चार बोटं पलीकडे.

पोळ्याची आदली संध्याकाळ, परवाच्या साली.
लाईट गेलेली, मोबाईल दातात धरलेला.
मला ते बसताना हाताला लागलं होतं की काय,
हे आता नक्की सांगता येत नाही.

दिवा हलला नाही. पोरगं काही बोललं नाही.
त्यानं बोलायला हवं होतं, असं वाटलं.

वर आलो आणि म्हटलं, 'गाढव सापडलं.'
लुकमाननं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.
'दोन वर्षं मी साठच्या खालीच चालवली,' तो म्हणाला,
'म्हटलं, गाडी म्हातारी झाली.'

क्रॉसचे पैसे घेतले. ग्रीसचे नाही, हाताचेही नाही.
नवा ठिपका मारला नाही,
जुनेच समोरासमोर आणले
आणि सुपडूला म्हटलं, बोट ठेवून बघ.

संध्याकाळी साठला, मग सत्तरला नेली.
आरशात एकच रस्ता.
चौथ्याला किरकिर आली तसा मी हात पुढे केला.
'ती राहू द्या,' लुकमान म्हणाला,
'घाटात ती जागं ठेवते.'