उजवा हात

सांतिनेजला, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर
मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पेटी होती, पावती होती,
आणि पेटीत नऊ शिपाई धड, दहावा थोटा.

बोटाच्या पेराएवढे शिपाई.
चिलखताचा खिळा न् खिळा वेगळा, पट्ट्याचं बकलसुद्धा.
साच्याचं काम मला कळतं.
माशेलात आमची चित्रशाळा, आजोबांपासूनची,
चवथीला दीडशे गणपती जातात.
हा साचा कोरणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला
आणि मग म्हटलं, अहो, ह्याचा उजवा हात नाही आला.

काउंटरमागे रॉयस्टन. नाव टी-शर्टावर होतं.
डोळ्याला भिंग, हातात ब्रश, समोर ड्रॅगन.
"कंपनीला मेल करा," तो ड्रॅगनला म्हणाला.

मेल शौनकने केला. माझा भाचा, आठवीत.
साडेतीन हजार त्याच्या मुंजीतल्या पाकिटांचे.
उत्तर आलं: कृपया आपल्या दुकानदाराशी संपर्क साधावा.

दुसऱ्यांदा शटर अर्धं खाली.
आत पोरं टेबलाभोवती, थर्माकोलचे डोंगर,
फासे पडल्याचा आवाज.
मी वाकून म्हटलं, तो हात.
"अंकल, आज टूर्नामेंट. उद्या या."
उद्या सोमवार. सोमवारी बंद
असं शटरवरच लिहिलेलं.
मी वाचलं. त्याने कधी वाचलं नसावं,
तो नेहमी आतल्या बाजूला.

तिसऱ्यांदा म्हणाला, पेटी उघडलेली आहे.
यावर काय बोलणार.
मी रंगांच्या बाटल्या बघत राहिलो.
करंगळीएवढी बाटली, तीनशे चाळीस रुपये.
"टच नका करू हां अंकल, ते टॉईज नाहीत."

ड्रॅगन अजून तिथेच. डाव्या डोळ्याचं बुबुळ
अर्ध्या कणीएवढं बाहेर सरकलेलं,
त्यामुळे तो सगळ्यांकडे बघत होता आणि कुणाकडेच नाही.
सांगणार होतो:
बुबुळ आधी नाही. आधी वरची पापणी,
मग श्वास सोडायचा, पुरता,
आणि पुढचा घ्यायच्या आत ठिपका.
नाही सांगितलं. गिऱ्हाइकाने किती बोलावं.

गिऱ्हाईक आमच्याकडेही येतं,
चवथीच्या आदल्या रात्री अकराला,
सोंड दुखावलेली, उंदराचा कान उडालेला.
बाबा जेवणावरून उठायचे, हात धुवायचे,
कुठे आपटला ते विचारायचे नाहीत.
मी विचारलं होतं, एकदा,
खडपाबांधच्या एका बाईला, जरा चढ्या आवाजात.
ती पदराच्या टोकाने मूर्ती पुसत राहिली.
पुढच्या चवथीला आली नाही.
हे आठवलं तेव्हा मी जिना उतरत होतो
आणि एक पायरी चुकलो.

घरी उदबत्तीच्या काडीवर मातीचा हात केला.
पहिला तडकला. दुसरा वाळून आखूड झाला.
माती आटते, हे मला माहीत नसावं?
तिसरा बसला.

शौनक म्हणाला, मामा, ह्याच्या हातात तलवार पाहिजे.
हा तर पंजा उघडून उभा आहे.
सवय रे, म्हटलं.
त्याने शिपाई उजेडात धरला. बराच वेळ.
राहू दे, म्हणाला. शत्रू गोंधळेल.

रविवारी त्याला आणायला गेलो.
शौनक हरला होता, नऊ शिपाई आडवे.
दहावा रॉयस्टनच्या चिमटीत, दिव्याखाली,
इकडून, तिकडून, भिंगातून.
मग मान वर झाली. डोळे घारे आहेत त्याचे.
"अंकल, हा हात कुठून आला?"

कंपनीला मेल केला होता, मी म्हटलं.

तो पत्ता लिहून घ्यायला पेन शोधू लागला,
ड्रॉवरमध्ये, डोंगरांखाली, पोरांच्या दप्तरांत.
पेन कानावरच होतं.