दुसरी बाजू

सायमन सपकाळेची नवी कॅसेट पार्सलनं आली
मंगळवारी, पस्तीस नग,
आणि शुक्रवारपर्यंत भुसावळात
दोन पक्ष पडले.

कव्हरवर तो एकटा.
ड्रमच्या पोटावर रंगवलेलं 'लोको शेड' नाही,
ते तिघं नाहीत, धूर नाही,
नुसती गंजलेली सायडिंग आणि रुळांमधलं गवत.
नावसुद्धा तेच : सायडिंग.

"गवताचा फोटो काढाले बँड सोडला का यानं?"
प्रमोद झोपेनं कॅसेट काउंटरवर आपटली.
त्याला गिटार हवं होतं,
'सत्तेचाळीस अंश'मधलं,
ज्यानं रेल्वे इन्स्टिट्यूटच्या खिडकीची काच तडकली.
(काच आधीच तडकलेली होती.
स्पीकर मीच लावले होते, मी पाहिली होती.
बारा वर्षं झाली, कुणाला बोललो नाही.)

रेल्वे दवाखान्यातल्या फालक सिस्टर
रात्रपाळी उतरून आल्या, दोन घेऊन गेल्या.
एक घरी, एक वॉर्डात.
म्हणाल्या, "तेव्हा तिघं वाजवायचे म्हणून हा ओरडायचा.
आता कुठं शब्द कळले."
"शब्द कळले हाच तर वांधा आहे," झोपे म्हणाला,
आणि पुढं पाऊण तास
कोणीच कोणाचं ऐकलं नाही,
टेपचं तर नाहीच.

रफत टेलरची अडचण वेगळी.
जुन्या गाण्यांवर मशीनचा पाय बरोबर पडायचा,
एका बाजूत दोन पायजमे.
नव्यात पाय बसत नाही, टाका उसवतो.
त्यात भाव खाणं नव्हतं, बिचारा खरंच बसून बघत होता.
कोणी म्हणालं, मुंबईचं पाणी लागलं.
कोणी म्हणालं, वय झालं.
एक मालगाडीचा गार्ड, नाव विसरलो,
ब्रेकव्हॅनमध्ये ऐकतो म्हणाला, खंडव्यापर्यंत,
आणि तिथं ती बरी वाटते.
इथं का नाही वाटत, ते त्यालाही सांगता येईना.

सगळ्यांना खेमराज बोंडेचं मत हवं होतं.
खेमराज, लोको शेडचा ड्रमर,
आता सावद्याला केळीच्या गाड्या भरतो,
घड मोजताना अजून चारचारनं मोजतो.
तो आला रविवारी, भर दुपारी दोनला,
रस्त्यावर कुत्रंही नव्हतं,
शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग.
"लाव," म्हणाला. "दुसरी बाजू."

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं,
ज्याला सगळं गाव रटाळ म्हणत होतं :
एक ओळ, मग नुसती शांतता,
मग परत ओळ.
शांतता इतकी लांब की गिऱ्हाईक विचारायचं,
टेप अडकली का?

खेमराजचा एक हात काउंटरवर होता.
ओळ संपली
आणि त्याची बोटं काचेवर पडली,
चार, मग दोन, मग अंगठ्याचा एक जड ठोका,
आणि ठोक्याच्या टोकाला बरोबर
सायमनचा आवाज आला.
पुन्हा ओळ. पुन्हा बोटं.
काउंटरखाली ऑडिट पेन्सिली, रबर, सेल,
सगळं थरथरत होतं.
त्याला कळत होतं की नाही, मला माहीत नाही.
तो समोर कॅलेंडरकडे बघत होता.

गाणं संपलं. मी बटण दाबलं.
"घाई करतो अजून," खेमराज म्हणाला.
"शेवटच्या ओळीवर. तेव्हाही करायचा."
मग माठातलं पाणी प्याला, दोन ग्लास,
आणि चारची पॅसेंजर आहे म्हणून गेला.
कॅसेट नेली नाही.

संध्याकाळी अख्खी टोळी दारात.
झोपे पुढं, फालक सिस्टर युनिफॉर्ममध्येच,
रफतच्या गळ्यात टेप, मापाची.
"काय म्हने खेमराज?"

काउंटरच्या काचेवर
पाच बोटांचे ठसे होते, चिकाचे, तपकिरी.
मी फडकं घेतलं,
पुसलं नाही, नुसतं वर टाकलं.

काही नाही, म्हटलं.
लाईट गेले होते.