चाळीस तास

कोर्टाने मला चाळीस तास लावले,
वाइरोआ नदीकाठी, पारातेनेच्या शेडमध्ये.
पहिल्या दिवशी पटाशी नाहीच,
झाडू.

ढलप्या फुंकायच्या नाहीत, म्हणाला.
हा तोतारा आजोबांच्या वयाचा.
आजोबांच्या तोंडावर फुंकतं का कोणी?

त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
दोन मटणाच्या कारखान्यात राहिली,
आणि कारखानाही त्याच वर्षी गेला.
भरपाईत पटाश्या आल्या, अकरा.
"कोरलेले पूर्वज बघ, त्यांनाही तीनच.
मला जरा उशीर झाला, एवढंच,"
म्हणून खोकल्यासारखा हसला.

ऑकलंडच्या हॉटेलला लिफ्टशेजारी योद्धा हवा होता.
याने दिला. जीभ तेवढी आतच ठेवली.
त्या पैशांत सभाघराचं छप्पर झालं,
दोन मयतांची जेवणं,
आणि माझ्यासारख्या सहा जणांचे बूट.

अडतिसाव्या तासाला माझा हात घसरला.
पणजीच्या गुडघ्यात खाच, नखाएवढी खोल.
मी मान खाली घालून ओरडा ऐकायला थांबलो.
दारातून पाऊस येत होता, तिरपा.
त्याने खाचेवरून अंगठा फिरवला,
पुन्हा फिरवला.
"हिचा गुडघा दुखायचाच," म्हणाला.
"आता दिसेल सगळ्यांना."

चाळीस तास कधीच सरले.
सहीचा फॉर्म खिळ्याला लटकलाय अजून.
सही नाही.
मागच्या कोऱ्या बाजूला त्याने
पुढच्या खांबाचं नाक काढून ठेवलंय.
मी आठवण करत नाही.