तीन मिलिमीटरचं पितळ

मिर्फ्याला समुद्र आहे, पण तो शेडमधून दिसत नाही.
शेडमधून दिसतं ते वाळूने घासलेलं कुंपण,
एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली,
आणि टेबलावर, वाळूच्याच उशीवर,
एकेचाळीस तुकडे.

मौझाबाई म्हणाल्या, हे कासव आहे.
मी मान हलवली. पलूसला कारखान्यात
सुट्या भागांवरून पंप ओळखायचो मी,
पण तिथे हाताशी ड्रॉइंग असायचं.

सत्तर लाख वर्षं, असं उस्ताद इद्रीस सांगतात.
आकडा सांगताना आवाज खाली आणतात,
जणू कुणा बाईमाणसाचं वय उघड करतायत.
इथे नदी होती म्हणे. काठाला झाडी, डोहात पाणघोडे.
मी दारातून बघतो: मीठ, मीठ, टँकर, मीठ.
बरं, होती.

बीरान कोया दाताच्या डॉक्टरची सुई घेऊन
दिवसाला दोन बोटं दगड उतरवतो.
त्याच्या कामाला लांबलचक नाव आहे.
माझं काम बिलावर नुसतं 'आधार' म्हणून येतं.
तीन मिलिमीटरची पितळी सळई तापवायची,
वाकवायची, टेकवून बघायची, परत तापवायची,
टोकाला नमदा चिकटवायचा,
वरून हाडाचाच रंग,
म्हणजे बघणाऱ्याला वाटावं
कासव आपलं आपण हवेत थांबलंय.
पितळ दिसलं, तर चूक माझी.

पाठीवर एक भोक राहत होतं, तळहाताएवढं.
मौझाबाई म्हणाल्या, प्लास्टर भरू, जरा फिकं,
खोटं ते खोटं दिसलं पाहिजे.

गुरुवारी सुहैल आला. म्हातारा.
त्याच्याच उंटिणीचा पाय
ह्या कासवाला पहिल्यांदा अडखळला होता.
पिशवीतून त्याने काढला बेचाळिसावा तुकडा.
तेहतीस वर्षं घरात, चुलीशेजारी;
कॉफीची दल्ला उतरवली की त्यावर ठेवायची.
बायको गेली ह्या रमजानच्या आधी.
तो अरबीत एकच वाक्य बोलला,
कोयाने ते हिंदीत केलं, मी मनात मराठीत:
आता एवढी कॉफी कुणी करत नाही.

तुकडा बसला.
कडी कोयंड्यात जावी तसा,
आवाज तेवढा झाला नाही.
त्यावर काळं वर्तुळ, भांड्याच्या बुडाचं.
कोया सुई घेऊन सरसावला.
मौझाबाई म्हणाल्या, नको. राहू दे.
मग पाटीवर काय लिहायचं, ह्यात दोन दिवस गेले,
उस्तादांचं म्हणणं होतं डाग म्हणजे डाग,
आणि सुहैल रोज येऊन खुर्चीत बसायचा,
त्याला कुणी काही विचारलं नाही.

रात्री फोन फिरवून चित्कलाला सगळं दाखवलं.
तिला ठाऊक ते देवळातलं, सभामंडपात रोवलेलं,
ज्याच्या पाठीला हात लावून पुढे जायचं.
म्हणाली, बाबा, ह्याचं डोकं कुठंय?
नाही सापडलं.
म्हणजे डोळेपण नाहीत?
नाहीत.
मग पिल्लं कशी वाढवली हिने?
कासवी नुसती बघते ना पिल्लांकडे,
बघण्यावरच ती मोठी होतात. आत्या म्हणते.

तेव्हा होते डोळे, मी म्हटलं.

बरं, ती म्हणाली, पण फोन जरा सरळ धर,
मला तुझं नुसतं कपाळ दिसतंय.

ठेवल्यावर एक उरलेली सळई घेतली.
तापवली, वाकवली,
फोन उभा राहील इतपत,
कडेला नमदा लावला.
रंग दिला नाही.