वारं लागतं

चाळीस दिवस मी माजघरापलीकडच्या खोलीत होते.
खिडकी एक, तिच्यावर पोतं.
खाटेखाली निखारे, त्यांवर ओवा, वेखंड,
कानांवर फडकं घट्ट,
आणि सासू दारातून दर वेळी तेच:
"उगडूं नाका गो. वारें लागता."

बाहेर शिगम्याचे ढोल गेले,
मी ते पोत्यातून ऐकले.

मग एका सोमवारी
साडेसातच्या कदंबाने नगरगावला, पुन्हा कामावर.
दोन दारांमधल्या अंधाऱ्या चौकोनात
चपला काढल्या, पाय जांभळ्या औषधात बुडवले,
आतलं दार उघडायच्या आधी बाहेरचं लावलं.
इनासियो म्हणाला, "नीट लाव. वारं लागतं त्यांना."

मला हसू आलं. त्याला कळलं नाही.

दोनशे मायक्रॉनचं आभाळ.
पावसाळ्यात त्याला शेवाळ धरतं, आम्ही ते नंतर शिडी लावून पुसतो.
खाली सोडणांत बसवलेल्या बारा हजार कुंड्या.
माती कुणालाच नाही.
मुळं कुंडीबाहेर येऊन हवेत चाचपडतात,
पांढरी, टोकाला हिरवी,
आणि शेवटी लोखंडी पाइपाला धरतात.
ओढली तर तुटतात, इतका त्यांना पाइपाचा लळा.

ही फुलं वीस दिवस टिकतात.
कशी, ते इनासियोने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं
जेवायच्या सुट्टीत, बांगड्याचा काटा काढता काढता:
माशी, भुंगा, काही आत येत नाही म्हणून.
एकदा पराग लागला की फुलाचं काम झालं,
दोन दिवसांत मान टाकतं.
कुणी शिवत नाही तोवर ताजं.
कांदोळीच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात,
लोक जिला टवटवी म्हणतात
ती वाट बघणं आहे.

अकरा वाजता फॉगर सुटतात.
धुकं इतकं, की पुढच्या रांगेतली सुखमती
नुसती बांगड्यांवरून कळते.
त्याच वेळेला माझं दूध येतं.
तिकडे सावर्ड्याला पोर जागी होत असेल.
इथे सगळ्यांचीच पोलकी भिजलेली,
त्यामुळे कुणी काही विचारत नाही.
दहा मिनिटं मी उभी असते,
हातात कात्री, छाती दगड,
आणि भोवती बारा हजार जणी, जांभळ्या,
कुणाचीच आई नसलेल्या.

चौदाव्या खांबाजवळ जाळीला भोक आहे, बोटभर.
पोटुशी होते तेव्हापासून पाहतेय.
रजिस्टरात लिहायचं असतं.
राहून गेलं, असं म्हणू.
हल्ली तिथून तो काळा भुंगा येतो,
घरांच्या वाशांना भोकं पाडणारा, आडदांड,
दारूड्यासारखा दोनतीनदा आपटतो
आणि मग बरोबर आत.

काल त्या रांगेतलं एक फूल मिटलं.
देठ खालच्या बाजूला जाड झालाय,
तिसऱ्या महिन्यातल्या पोटासारखा,
ज्याला माहीत त्यालाच दिसेल इतका.
नियमाने ती दांडी रिजेक्टच्या बादलीत जायची.
मी कुंडी फिरवून ठेवली, तोंड खांबाकडे.

शेंग भरायला सहा-सात महिने लागतात म्हणे.
आत बी पिठासारखं, फुंकरीने उडणारं.
तोवर पोर बसायला लागेल.

संध्याकाळी घरी आले तर खिडकीवर पोतं होतंच.
काढलं, झटकलं,
मागच्या दारी पाय पुसायला टाकलं.
सासू काही बोलली नाही.
पोरीचं टोपरं फक्त
जरा खाली ओढलं तिने, कानांवर.