पुढची टाकी

दाल्मेशियाच्या या बेटाखाली सगळा चुनखडकच.
पाऊस त्यातून झिरपतो,
वाटेत थोडा थोडा दगड खिशात घालतो
आणि धक्क्यावरच्या नळातून
भोळ्या चेहऱ्यानं बाहेर येतो.
पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात.
आम्ही म्हणतो, साबणाशी न पटणारं.

तेवीस उन्हाळे दुसऱ्यांच्या बोटी धुतल्या मी.
गडद निळी बोट सगळ्यात वाईट.
ऊन पोचायच्या आत पुसली नाही
तर अंगभर देवीच्या वणांसारखे पांढरे ठिपके,
आणि मालक चष्मा काढून जवळ येतो.

आता एक नळकांडं घेतलंय, कमरेएवढं.
आत राळेचे मणी, मोहरीहून बारीक.
पाणी जाताना चुना त्यांच्यापाशी ठेवून जातं.
मणी दमले की दोन पुडे मीठ पाजायचं,
स्वयंपाकघरातलं, साधं,
मग धुऊन घ्यायचे, की पुन्हा कामाला हजर.
खाल्ल्या मिठाला जागतात बिचारे.

समोर एवढा समुद्र,
आणि मी दुकानातून मीठ विकत आणतो
बोटीवरचं मीठ धुवायला!
श्पिरो हसतो याला. हसू दे.

आज दोब्रिला निघाली.
घर विकलं, नवरा गेल्यावर तिसऱ्या वर्षी.
नऊ मीटरची जुनी बोट, दोन टाक्या.
सकाळी पट्टी बुडवून पाहिली, हिरवीच राहिली.
डेक धुतला, काचा, कठडे,
फडक्याला हात लावावा लागला नाही.
मागची टाकी भरताना म्हटलं,
शॉवरची भोकं बुजणार नाहीत आता.

पुढच्या टाकीचं झाकण उघडलं तर म्हणाली,
थांब, येर्को.
ते नळकांडं काढ मधून.
ही थेट नळावरून भर.

किटली आतून पांढरी पडेल, मी म्हटलं.

पडू दे.
जन्मभर खरवडली मी ती किटली.
पण तुझं ते पाणी कॉफीत गुळमुळीत लागतं,
कुणी बोलता बोलता थांबल्यासारखं.

मी जोड सोडवला, पाईप सरळ तोटीला लावला.
ऐंशी लिटर म्हणजे काही फार वेळ नाही.
ती दोर बघत होती. घराकडे पाठ.
मी टाकीच्या तोंडाशी कान लावून
पाण्याचा आवाज चढताना ऐकत होतो.
भरत आली की तो बारीक होतो,
तेवढ्यात बंद करायचं असतं.
मला जरा उशीर झाला.

धुतलेल्या डेकवर ओघळ गेला.
ऊन वर आलं होतं, मी फडकं शोधायला लागलो.
राहू दे रे, ती म्हणाली,
आणि दोर सोडला.

बंदराच्या तोंडाशी बोट वळली
तेव्हा पुढच्या झाकणाभोवती
पांढरं काही वाळत असणार.
इतक्या लांबून दिसत नाही ते.