हयातीचा दाखला

नोव्हेंबर. रावपुऱ्यातल्या बँकेत
पेन्शनरांची रांग पंख्याखाली येऊन वळली आहे.
माझ्या पुढे दुसरा, जयसिंग खराडे.
डावखुरा फिरकी. चौपन्न सामने, दोनशे सात बळी.
मला पाठ आहे, पेन्सिल माझीच होती.

काउंटरवरची मुलगी म्हणते, अंकल, बोट मूको.
तो डाव्या हाताची तर्जनी ठेवतो.
यंत्र तांबडं.
पुसून ठेवा ने.
आणि हा बोट मांडीवर घासतो,
वरून खाली, वरून खाली,
पँटच्या त्याच जागी
जिथला लाल डाग त्याच्या आईला
कधीच पुरता निघाला नाही.

पुन्हा तांबडं.
पोरीला काय सांगू,
या बोटावरच्या रेषा शिवणीनं खाल्ल्या.
काथ्याच्या मॅटिंगवर, मोतीबागेच्या गवतावर,
एका टोकानं दिवसाला एकेचाळीस षटकं,
चहाच्या वेळी भेगेत हळद
आणि परत तेच टोक.
मी ठिपके काढायचो.
निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडले की एम होतो.
त्या दिवशीच्या पानावर इतके एम,
लहान मुलं डोंगरावर काढतात
तसे पक्षी.

एकदा तार आली, मद्रासला बोलावलं.
पाच दिवस त्यानं पाण्याच्या बाटल्या नेल्या.
सातव्या दिवशी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात
आंब्याच्या पेट्यांवर शिक्के मारत होता.
कुणी विचारलंच तर,
"कॉफी झकास असते हो तिकडे."
बायकोशी काही बोलला असेल.
माझ्या वहीत बाराव्याला रकाना नसतो.

मग गुडघा बदलला.
टीव्हीवर सामना लागला की उठून
तुळशीला पाणी घालतो, दिवसातून तीनदा.
नात न्यू जर्सीत बेसबॉल खेळते.
रविवारी फोनवर विचारते, आजोबा, बोटं कशी ठेवू?
हा कांदा धरून दाखवतो.
नंतर माझ्याकडे कुरकुर,
"ज्या चेंडूला टप्पाच नाही
तो वळवायचा कुठे रे?"

रांगेतून कुणीतरी, काका, जल्दी करो ने.
मुलगी म्हणते, बीजो हाथ?
उजवा अंगठा.
त्यानं आयुष्यभर काय केलं तर
अंपायरला टोपी दिली,
तोल सावरायला हवेत राहिला.
हिरवं.
कागद सरकत बाहेर येतो:
खराडे जयसिंग आनंदराव, हयात.

घडी खिशात घालताना मी दिसतो त्याला.
"किती झाले रे?"
दिवस संपला की तंबूत विचारायचा, तस्संच.
दोनशे सात, मी म्हणतो.
"आठ.
राजकोटचा तो यष्टिचीत होता.
तू धावबाद लिहिलास."

आणि जिन्याचा कठडा धरून
एकेक पायरी उतरत जातो.

पुढचे, मुलगी म्हणते.
मी बोट ठेवतो.
पहिल्याच खेपेला हिरवं.